पुरं वाक्य

मंगलबाई आठवतात त्या खडूच्या आवाजासह. दसऱ्यानंतरच्या कोरड्या उन्हात चाकूरजवळच्या आमच्या शाळेभोवती सोयाबीनच्या मळणीची धूळ तरंगत असे, खिडकीतून येणारा तिरपा उजेड त्या धुळीने जाड होई, आणि त्या उजेडात उभ्या राहून बाई फळ्यावरच्या इंग्रजी शब्दांखाली खडू दोनदा टेकवीत. पहिल्या टोल्याला विचारीत, कोण? दुसऱ्याला, काय करतंय? ‘अंडर द ट्री’पाशी दोन्ही उत्तरे नसत. झाडाखाली खरे, पण कोण, आणि ते बसलेय की झोपलेय? हे अजून अर्धं हाय, पोरांनो, ही नुसती फ्रेज, असे त्या म्हणत. ‘द काऊ स्लीप्स अंडर द ट्री’ लिहिले की दोन्ही प्रश्न शांत होत, आणि ते पुरं वाक्य ठरे.

मी त्याच शाळेत नव्याने शिकवायला लागलेली, त्यांच्या शेजारच्या खोलीत भाड्याने राहणारी. चळवळीच्या पत्रकांवर मी वाढले. ‘शिक्षण सर्वांना’ ही माझी लाडकी घोषणा वाचून बाईंनी शांतपणे विचारले होते, देणार कोण? मी चिडले, कारण त्या ओळीत देणारा कुणीच नव्हता.

बाईंचा नवरा पुण्याकडे, चाकणच्या कारखान्यात कामाला गेला तो ‘येतो’ म्हणून. पुढे सातवीतल्या एका मुलीने निरोपाच्या जागी ‘आय कम’ लिहिले तेव्हा वर्ग हसला, आणि ती रडवेली होऊन म्हणाली, “बाई, आपल्यात जाताना येतोच म्हणत्यात की.” बाईंचा हात फळ्यावर तसाच राहिला. मराठीत हा एकच शब्द पुरा असतो, जाणारा त्यात परतण्याचे वचन ठेवून जातो, हे त्यांनी समजावले नाही. तिच्या उत्तरावर फुली मात्र मारली नाही.

फोनवर नवरा तुकड्यांत बोले. दिवाळीनंतर. सुट्टी मिळाली की. बघू, उन्हाळ्यात. ज्या तुकड्यांना बाई परीक्षेत शून्य देत, त्यांच्यावरच त्यांनी कित्येक ऋतू काढले. तुरी पिवळ्या फुलल्या, कापल्या गेल्या, करडईला काटे आले, रानं पुन्हा उघडी पडली. संध्याकाळी लातूरची जीप फाट्यावर थांबली की भाकरी थापणारा त्यांचा हात थांबे, आणि उतरलेली पावले दुसऱ्या गल्लीत वळली की पुन्हा सुरू होई. सासर, माहेर, शेजार, सगळे त्यांना धीर धरायला सांगत. साऱ्या गावाने बाईंकडे धीर मागितला. त्यांच्या नवऱ्याकडे क्रियापद कुणी मागितले नाही.

ते शेवटी त्यांनीच मागितले. एका संध्याकाळी हात पिठाचे होते म्हणून फोन परातीशेजारी ठेवून, आवाज मोठा करून त्या बोलत होत्या. मी उंबऱ्यात बसले होते. पलीकडून आले, पाडव्यानंतर. बाई न रागावता, वर्गातल्याच आवाजात म्हणाल्या, “पाडव्यानंतर कोण, काय करणार? पुरं बोला.”

पलीकडे यंत्रांची घरघर चालू होती. तिच्यातूनच नवरा म्हणाला, “मी आता न्हाई येणार. मी हितं दुसरं घर केलंय.”

बाईंनी बरं म्हटले आणि कोपराने फोन बंद केला. मी पेटले होते. वकील, पोलीस, मोर्चा, माझ्यातली सगळी पत्रके एकदम बोलू लागली. बाईंनी ती संपू दिली. मग किंचित हसून म्हणाल्या, “इतक्या वर्सांत पहिल्यांदाच बरोबर बोलले बघा. कर्ता हाय. क्रियापद बी हाय.”

आणि परातीतल्या पिठाकडे बघत राहिल्या, जणू ते कशासाठी भिजवले होते हेच आठवेना.

माझा राग अजून गेलेला नाही, पण त्या संध्याकाळी मला कळले की माणूस दूर गेल्याने घर जितके रिते होते, त्याहून अधिक रिते त्याची वाट पाहणे संपल्याने होते. कारण वाट पाहणे काळाला निदान एक दिशा देते, आणि ती गेली की दिवस नुसते येत राहतात, इतके एकसारखे, की आठवणीलाही त्यांतला कुठलाच ओळखता येत नाही.