चाळणीखालचा भुगा

मी स्वच्छतेची जरा जास्तच भोक्ती आहे. घरी धान्य निवडायला बसले की एकेका दाण्याची मुलाखत घेते, असं माझा नवरा म्हणतो. म्हणू दे. पशुखाद्याच्या कारखान्यात गेली अठरा वर्षं मी मका तपासतेय, तेव्हा दाण्यातलं त्याच्यापेक्षा मला जास्त कळतं.

ट्रक आला की त्यात पाच ठिकाणी लांब पोकळ सळई खुपसून नमुना काढायचा, दळायचा, औषधात घुसळायचा आणि त्यात कागदी पट्टी बुडवायची. पट्टीवर दोन रेषा उमटल्या तर मका चांगला. एकच उमटली तर त्यात बुरशीचं विष जास्त, ट्रक परत. हे विष दिसत नाही, त्याला वास नसतो, आणि गाईच्या पोटातून ते थेट दुधात उतरतं. म्हणून माझ्या सहीशिवाय एकही ट्रक आत जात नाही. याचा मला ताठा होता, खोटं कशाला बोलू.

सोमवारी दुपारी ताईचा फोन आला. माझ्या या थोरल्या बहिणीच्या गोठ्यात अकरा गाई आहेत, आणि तिचं सगळं घर त्या अकरा गाईंवर चालतं.

"केंद्रावरून दूध परत आलं," ती म्हणाली. "बुरशीचं विष आहे म्हणे त्यात. सात दिवसांत चांगलं दूध आलं नाही तर माझं नाव काढून टाकणार. अगं, मी तर तुमच्याच कारखान्याचं खाद्य घालते."

माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. "आमच्या खाद्यात काही नाही. माझी सही असते त्यावर. तुझाच चारा कुठेतरी भिजून बुरसला असेल, तो बघ आधी."

ताई नुसतं "बरं" म्हणाली आणि तिने फोन ठेवला. तिचं "बरं" मी लहानपणापासून ओळखते. भांडली असती तर बरं वाटलं असतं.

मंगळवारीही दूध परत आलं. तिने ते मोरीत ओतलं, असं तिच्या सुनेकडून कळलं. ताईने मला फोन केला नाही आणि मीही केला नाही. आमच्या घराण्यात माघार घ्यायची पद्धतच नाही.

बुधवारी सकाळी मी नेहमीसारखी नमुना चाळत होते. हो, चाळत. मिक्सरमध्ये खडे आणि कणसाच्या बुरकुंडाचे तुकडे जाऊन दोनदा पातं तुटलं, तेव्हापासून नमुना आधी चाळून घ्यायची सवय मीच लावली होती. वर टपोरे, स्वच्छ दाणे राहायचे. खाली पडायचा तो भुगा आणि फुटके दाणे.

प्रयोगशाळा झाडायला येणाऱ्या मावशी म्हणाल्या, "हा भुगा मी घेऊन जाऊ का? घरी चार कोंबड्या आहेत."

"न्या की. फेकूनच द्यायचाय."

त्यांनी पिशवी उघडली आणि भुगा भरता भरता सहज विचारलं, "मॅडम, तुम्ही तपासता ते हे निवडलेले दाणे. मग ट्रकमधला बाकीचा मका कोण निवडतं?"

"कोणी नाही. तो जसाच्या तसा भरडायला जातो."

"भुग्यासकट?"

मी हातातली चाळणी खाली ठेवली.

"मावशी, ती पिशवी इकडे द्या."

खरं सांगायचं तर त्यांना गप्प करावं, म्हणूनच मी तो भुगा तपासायला घेतला. पट्टी बुडवली. एकच रेषा आली. पट्टी खराब असेल म्हणून दुसरी घेतली, मग तिसरी. तिन्हींवर एकेकच रेषा. बुरशी फुटक्या दाण्यात आधी शिरते, हे मी नव्या लोकांना स्वतः शिकवते. आणि तेच फुटके दाणे रोज बाजूला काढून मी राहिलेल्या मक्याला उत्तम म्हणत होते.

"कोंबड्यांना नको ना?" मावशींनी हळूच विचारलं.

"कोणालाच नको," मी म्हणाले.

व्यवस्थापक साहेबांसमोर मी त्या तीन पट्ट्या ठेवल्या. "भरडणं थांबवा. पंधरा दिवसांत गेलेलं सगळं खाद्य परत मागवा. चूक माझी आहे. गिऱ्हाइकांना जाणाऱ्या पत्रात तसं लिहा."

साहेबांनी डोक्याला हात लावला. बोलायचं ते सगळं बोलले, आणि मी मान खाली घालून ऐकलं. शेवटी म्हणाले, "चाळणी कपाटात टाका आणि कुलूप लावा." मग त्यांनी स्वतः जाऊन यंत्रं बंद केली.

पत्र टपालाने गेलं असतं, पण मी दुपारीच ताईकडे गेले. ती दुधाची बरणी घासत होती. मी उभ्या उभ्याच सगळं सांगितलं. चाळणीचं, भुग्याचं आणि सोमवारी मी तिलाच दोष दिला त्याचं. तिने मान वर केली नाही.

"आता काय करायचं?" तिने विचारलं.

"ते खाद्य आजपासून बंद. नुसता हिरवा चारा घाल. चार दिवसांत दूध निवळेल."

"नक्की?"

"बहुतेक." नक्की म्हणायचा धीर माझ्यात उरला नव्हता.

गुरुवारी दूध परत आलं. शुक्रवारी परत आलं, पण विष निम्म्यावर आलं होतं. शनिवारी थोडक्यात हुकलं. रविवार सातवा दिवस. मी पहाटेच ताईबरोबर केंद्रावर गेले. तपासणाऱ्याने पट्टी बुडवली, आणि मी अठरा वर्षांत पहिल्यांदाच पट्टीकडे बघायचं टाळलं.

"ओता," तो म्हणाला, आणि पुढच्या बरणीकडे वळला.

ताईने स्वतःच्या हाताने दूध टाकीत ओतलं. बाहेर येऊन पायरीवर बसली आणि पदराने डोळे पुसले. मीही शेजारी बसून रडले, त्यात लपवण्यासारखं काही नाही.

थोड्या वेळाने मी म्हणाले, "नुसत्या चाऱ्यावर गाई आटतील. पलीकडच्या कारखान्याचं खाद्य चांगलं असतं. मी बोलून ठेवते त्यांच्याशी."

"कशाला?" ताई उठत म्हणाली. "तिथं चूक झाली तर मला घरी येऊन कोण सांगणार आहे? उद्या तुमचीच चार पोती पाठव."