फोटोत नसलेला पोचा

मी पोचा बोलतोय. पातेल्याचा नव्हे, गाडीचा. एका राखाडी रंगाच्या छोट्या गाडीच्या डाव्या बाजूला, मागच्या दारावर, कडीच्या खाली चार बोटांवर माझा मुक्काम होता. आकाराने म्हणाल तर बशीएवढा. आता ते दार गाडीला नाही. एका गॅरेजच्या मागच्या भिंतीला टेकून उभं आहे, आणि भंगारवाला यायच्या आत मला माझी हकिकत सांगून टाकायची आहे.

माझा जन्म चष्म्याच्या दुकानासमोर झाला. माझे मालक चष्मेवाले. लोकांच्या डोळ्यांसमोर काचा बदलत "आता दिसतं का? आणि आता?" असं विचारण्यात त्यांची वीस वर्षं गेलेली. दुकानाबाहेर फुटपाथवर त्यांचा लोखंडी बोर्ड उभा असायचा. वर एक मोठं अक्षर, खाली बारीक होत जाणाऱ्या ओळी, आणि तळाशी 'नजर तपासून मिळेल'. एका संध्याकाळी मालकांनी गाडी मागे घेताना वळवली ती डाव्या अंगाने थेट त्या बोर्डावर घातली. दिव्याखाली अंधार म्हणतात, तो मी जन्मतःच पाहिला.

खाली उतरून त्यांनी आधी इकडेतिकडे कुणी आहे का ते पाहिलं, मग बोर्ड सरळ केला, आणि शेवटी माझ्याकडे वळले. घरी गेल्यावर सांगितलं, कुणीतरी ठोकून पळून गेला. म्हणजे जन्मदात्यानेच पहिल्या दिवशी मला बेवारस केलं. मला वाईट वाटलं, खोटं कशाला सांगू.

तुम्ही म्हणाल, गाडीचा विमा होता ना, मग तेव्हाच मला का नाही काढून टाकलं? तर मालकांचा एक पण होता. आठ वर्षं त्यांनी विमा कंपनीकडे एक पैसा मागितला नव्हता. जो मागत नाही त्याला कंपनी दरवर्षी हप्त्यात सवलत देते, आणि ती सवलत मालक छातीवरच्या पदकासारखी मिरवत. गिऱ्हाइकाच्या नाकावर फ्रेम बसवता बसवता सांगत, "आठ वर्षं झाली, एकही क्लेम नाही." या आठ वर्षांत एक आरसा, दोन दिवे आणि मागचा बंपर त्यांनी गुपचूप खिशातून बदलून घेतला होता. तो खर्च मिळालेल्या सवलतीच्या तिप्पट आहे, असं मालकीणबाईंनी एकदा दाखवून दिलं. मालक म्हणाले, हा तत्त्वाचा प्रश्न आहे. ज्याचा हिशेब जमत नाही त्याला माणसं तत्त्व म्हणतात, हे मी तिथे शिकलो.

दोन वर्षं मी तसाच राहिलो. रंग उडाला, पावसापाण्याने थोडा गंजलोही. मग लेकीला नोकरी लागली.

लेक त्यांची एकुलती एक. शहराबाहेरच्या मोठ्या इस्पितळात रक्त तपासायच्या खोलीत तिचं काम. सहा महिने कच्ची नोकरी, मग पक्की. सकाळी सहाला हजर राहायचं, आणि त्या वेळी तिकडे जाणारी बस नाही. दोनदा उशीर झाला तर पक्कं व्हायचं विसरा, असं साहेबांनी पहिल्याच दिवशी बजावलेलं. तेव्हा गाडी तिच्या हाती आली. मालक दुकानात चालत जाऊ लागले आणि फक्त तिच्या सुटीच्या दिवशी चक्कर मारायला गाडी काढू लागले.

नेमका त्याच महिन्यात विमा संपत आला. घरात बायको मध्ये बोलते म्हणून मालक रोज संध्याकाळी उभ्या गाडीत येऊन बसत आणि मोबाइलवर स्वस्त विमा शोधत. तीन आठवडे हा उद्योग चालला. पहिल्या दिवशी त्यांनी सगळं खरं लिहिलं. आकडा आला तो पाहून त्यांनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा घातला. आकडा तेवढाच होता.

मग त्यांना शोध लागला की उत्तर बदललं की आकडा बदलतो. गाडी कोण कोण चालवतं? लेक, वय तेवीस, परवाना एक वर्षाचा, असं लिहिलं की आकडा टुणकन वर. लेक खोडली की खाली. किती चालते? रोज ऐंशी किलोमीटर म्हटलं की वर, 'क्वचित' म्हटलं की खाली. रात्री कुठे उभी असते? रस्त्यावर म्हटलं की वर, बंद शेडमध्ये म्हटलं की खाली. शेड होती, नाही असं नाही. पण तिच्यात दुकानाची जुनी काचेची कपाटं कोंबलेली, आणि मी बारा महिने रस्त्यावर झोपत होतो.

नुकसान झाल्यास सुरुवातीचा किती खर्च तुम्ही सोसाल, असाही एक प्रश्न होता. मालकांनी सगळ्यात मोठी रक्कम निवडली, कारण तिने हप्ता सगळ्यात जास्त उतरत होता. सोसायची वेळ येणारच नव्हती. किल्ली हरवल्यास नवी मिळण्याची सोय मात्र त्यांनी वर पैसे मोजून घेतली, कारण किल्ली ते आठवड्यातून दोनदा हरवत.

शेवटचा प्रश्न होता, गाडीला आधीचं काही नुकसान आहे का? मालकांचं बोट जरा थांबलं. मग त्यांनी 'नाही' दाबलं. मी त्यांच्यापासून दोन हातांवर होतो हो!

तो फॉर्म भरून झाल्यावर त्यात एक फार गुणी माणूस तयार झाला. एकटाच गाडी चालवणारा, तीही क्वचित, रोज रात्री गाडी कुलपात ठेवणारा, आणि तिला कधी ओरखडाही न येऊ देणारा. असा माणूस त्या घरात मी कधी पाहिला नव्हता. पण त्याला विमा भलताच स्वस्त मिळाला.

एक अडचण राहिली होती. कंपनीला गाडीचे चारही बाजूंनी फोटो हवे होते. तीन बाजू झाल्या. चौथ्या बाजूला मालकांनी मालकीणबाईंना स्वयंपाकघरातून बोलावून माझ्यापुढे उभं केलं. जरा डावीकडे सरक, आणखी थोडी मागे हो, असं करत करत माझ्यावर पूर्ण पडदा पाडला. कणकेचे हात पुढे धरून उभ्या असलेल्या बाईचा फोटो कंपनीने काही न विचारता ठेवून घेतला. पैसे घेणारी माणसं फोटो बघत नाहीत. बघणारी माणसं वेगळी असतात, ती नंतर येतात.

चार महिन्यांनी, एका बुधवारी, लेक दुपारी कामावरून परतत होती. वळणावर एक टेम्पो तिला न बघता आत घुसला आणि मागच्या डाव्या दारावर आदळला. दार निम्मं आत गेलं. लेकीच्या कोपराला खरचटलं, बाकी देवाची कृपा. टेम्पोवाला गर्दीत निसटला. तिने बापाला फोन केला, ते धापा टाकत आले आणि तिच्या डोक्यापासून पायापर्यंत नजर फिरवत विचारलं, "तुला लागलं का गं?" तो प्रश्न खरा होता. दुसरा प्रश्न मात्र असा होता, "गाडी तू चालवत होतीस, हे कुणी पाहिलं का?"

मग ते स्वतः चालकाच्या जागेवर जाऊन बसले. पाय बाहेरच ठेवून, घाईघाईत. नजरेचा धंदा असल्यामुळे आरसा आठवणीने आपल्या उंचीला फिरवला.

शुक्रवारी गॅरेजमध्ये कंपनीची सर्व्हेअर बाई आली. चाळिशीची, कमी बोलणारी. तिने चुरगळलेल्या पत्र्यावरून अंगठा फिरवला तो नेमका माझ्यावर आणून थांबवला. मी तेव्हा मोठ्या खड्ड्यातला छोटा खड्डा झालो होतो, पण माझा गंज लपत नव्हता. ती म्हणाली, हा जुना आहे. मालक म्हणाले, असेल, कुणीतरी ठोकून गेलं असेल. तिने कंपनीकडचा तो चौथा फोटो समोर धरला.

"या कोण?"

"आमच्या मिसेस."

"इथे का उभ्या आहेत?"

"तिला फोटोची हौस आहे."

"मला कसली हौस," मालकीणबाई मागून म्हणाल्या. "पोळ्या करता करता बोलावलं होतं मला."

सर्व्हेअर बाईंनी काहीतरी लिहिलं आणि विचारलं, त्या दिवशी गाडी कोण चालवत होतं. मालक म्हणाले, मीच. बाई म्हणाल्या, जरा बसून दाखवा. मालक बसायला गेले, आणि सहा फुटांचा तो माणूस अर्ध्यातच अडकला. गुडघे स्टिअरिंगला, डोकं छताला. सीट लेकीच्या मापाने पुढे ओढलेली होती. आरसा फिरवला होता, सीट राहिली होती. सीटचा खटका शोधत ते खाली चाचपडत होते आणि कुणी त्यांच्याकडे बघत नव्हतं, इतकी सगळ्यांना लाज वाटत होती.

"मी चालवत होते," लेक म्हणाली. "रोज मीच चालवते."

बापाने तिला गप्प राहायची खूण केली. ती गप्प राहिली नाही. शेड, ऐंशी किलोमीटर, सगळं सांगून टाकलं.

बाईंनी पेनाचं टोपण लावलं. जबाबावर सही व्हायच्या आधी बोललात हे बरं केलंत, म्हणाल्या. फसवणुकीचा शेरा मारत नाही. पण दाराचे पैसे मिळणार नाहीत, पॉलिसी रद्द होईल, आणि नवी काढल्याशिवाय गाडी रस्त्यावर आणायची नाही. इतकं सांगून त्या पुढच्या गाडीकडे गेल्या.

लेकीला गुरुवार आणि शुक्रवार एका मैत्रिणीने नेलं-आणलं होतं. मैत्रीण सोमवारपासून रजेवर. म्हणजे सोमवारी सकाळी सहापर्यंत विमा आणि गाडी दोन्ही नसली, तर नोकरी गेल्यातच जमा. मालक गॅरेजच्या स्टुलावर बसले. मग बायकोला म्हणाले, तो जुना पोचा माझ्याच हातून पडला होता, आपल्या बोर्डावर. त्या म्हणाल्या, "माहीत आहे. बोर्डाला आपल्या गाडीचा रंग लागला होता." दोन वर्षांनी का होईना, मला बाप मिळाला.

शनिवारी दार उतरवायच्या आधी लेक गाडीत बसली, शेजारी बाप. विमा आता स्वतःच्या नावावर काढायचा म्हणून तिने एका विमा दलालाला फोन लावून स्पीकरवर ठेवला. थकल्या आवाजाचा, पण सरळ माणूस वाटला. तो म्हणाला, तुमचं वय, तुमचा नवा परवाना आणि रोजचं अंतर, हे तिन्ही महाग आहे आणि ते बदलता येणार नाही. जे बदलता येतं तेवढंच बदलू. शेड रिकामी करणार असाल तरच शेड लिहा. सुरुवातीचा खर्च तुमच्या एका पगारातून निघेल एवढाच स्वतःकडे घ्या. किल्लीची सोय काढून टाका. हप्ते पाडू नका, एकदम भरा. आणि तीन कंपन्यांना अगदी एकसारखी मागणी सांगून भाव विचारू, नाहीतर एखादी निम्म्याच नुकसानीची हमी देणार आणि तीच स्वस्त वाटणार.

लेकीने इतक्या वर्षांच्या सवलतीचं विचारलं. तो म्हणाला, ती वडिलांची होती, तुम्हाला लागू होत नाही. आणि पॉलिसी अशी रद्द झाल्यावर त्यांनाही आता कुणी देईल असं वाटत नाही. मालक खिडकीतून बाहेर बघू लागले.

आकडा पहिल्या खऱ्या आकड्यापेक्षा बराच उतरला, त्या गुणी माणसाच्या आकड्यापेक्षा बराच वर राहिला. लेकीला कसाबसा झेपणारा होता. तेवढ्यात दलाल म्हणाला, "दुसरे चालक म्हणून वडिलांचं नाव घालायचं का? त्यांच्या नावावर रद्द झालेली पॉलिसी आहे. ते आले तर मात्र झेपणार नाही तुम्हाला."

मग मालकच खालच्या आवाजात म्हणाले, "लिही, वडील चालवत नाहीत."

दलालाला ऐकू जाऊ नये म्हणून लेकीने फोन म्यूट केला. "लिहायचं म्हणून लिहू, की खरंच चालवणार नाही?"

"अगं, रविवारी दुकानापर्यंत..."

ती बापाकडे बघत राहिली. रागाने नव्हे, पण नजरही हलवली नाही. शेवटी त्यांनी खिशात हात घातला. नेहमी हरवणारी किल्ली त्या दिवशी पहिल्या झटक्यात सापडली. त्यांनी ती तिच्या मांडीवर ठेवली आणि खाली उतरून शेड रिकामी करायला निघून गेले. मला त्यांचा इतका राग, पण पाठमोरे जाताना ते फार म्हातारे दिसले.

सोमवारी पहाटे, गाडी राखाडी आणि एक दार जुन्या बाजारातलं पांढरं, अशा थाटात लेक वेळेवर निघाली. मी इथे राहिलो.

लोकहो, स्वस्त विमा जरूर शोधा. चार ठिकाणी विचारा, घासाघीस करा, नको ती सोय काढून टाका. पण आमच्यासारख्यांना फोटोतून गाळू नका, आम्ही नेमके नको त्या दिवशी हजर होतो.

तो बघा, भंगारवाला आला. माझं वय किती, रात्री कुठे झोपायचो, आधी कुणी धडकलं होतं का, यातलं त्याने काही विचारलं नाही. त्याने दार तराजूवर टाकलं. पोचा पडलेला पत्रा आणि न पडलेला पत्रा, दोन्ही एकाच भावाने जातात इथे.