कळशीवरची लाल बोटं

मैना गेली हे पायरवाडीला कळलं तेव्हा ऊन अजून अंगणात उतरलं नव्हतं. शेजारची राहीबाई दारात येऊन "गेली गो" एवढंच म्हणाली, आणि वीसच्या वीस घरं गोमाजीच्या अंगणात येऊन उभी राहिली.

गोमाजीला वाटलं, कोणी खांद्यावर हात ठेवील. गावकीचा मुख्य रावजी पुढे झाला. त्यानं ओटीवर डोकावून मैनेच्या अंगावरची काळी घोंगडी बघितली आणि मागे वळून सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाला, "बघितलंत? बुवा सांगत होते, सगळं द्या, एक वस्तू मागं ठेवू नका. ही घोंगडी ह्यानं ठेवली. रोग घरातच ऱ्हायला."

कोणी "असं कसं बोलता" म्हटलं नाही. बायको अजून तिरडीवर चढली नव्हती आणि तिला मारल्याचा आळ नवऱ्यावर आला होता. गोमाजीनं मान खाली घातली, कारण त्या घडीला त्यालाही ते खरं वाटलं. पुढे त्याला पुष्कळांचा राग आला. सगळ्यांत जास्त आला तो ह्या मान खाली घालण्याचा.

झालं होतं ते असं.

चैत्रात गोमाजी मैनेला डोलीतून महाडला घेऊन गेला. डॉक्टरांनी तिचं पोट दाबून बघितलं आणि सरळ सांगितलं, "आत गोळा आहे. कापून काढला तर जगण्याची आशा आहे. इथं ती सोय नाही, मुंबईला न्या. दासगावहून लाँच, पुढे बाणकोटहून आगबोट. पावसाळ्यात बोटी बंद होतात. त्याच्या आत न्यायला हवं."

मुंबईला न्यायचं म्हणजे खर्च आला. तेवढा पैसा गोमाजीकडे नव्हता आणि गावात कोणा एकाकडे नव्हता. तोड राहीबाईनं काढली. ही बाई विधवा, तोंडानं फटकळ, नात्यानं मैनेची चुलत सासू. गावकी बसली होती तिथं ती न बोलावता जाऊन उभी राहिली.

"पालखीच्या दिवशी देवाचा नारळ लिलावात काढता. दोन पैशांचा नारळ, मिशीला पीळ देत पाच रुपयांना घेता. देवाला पैसा कशाला लागतो? मैनेला लागतो. घरामागं एक वस्तू काढा, देवळापुढं मांडा, आणि तशीच बोली लावा."

मुंबईच्या गिरणीत कामाला असलेला मोरू वैशाखाच्या रजेत घरी आला होता. तो हसला. "काकी, तुझी फुटकी रोवळी पाच रुपयांना घेऊ व्हय?"

"माझी रोवळी पाणी गाळते, कारण ती त्याच कामाची हाय. तुझी मुंबईची छत्री गाळते ती कशापायी रे?"

सगळे हसले, आणि हसता हसता ठरलं. चाकरमानी गावात होते, त्यांच्या कनवटीला पैसा होता. लिलावाचा दिवस धरला.

त्या दिवशी देवळापुढचं अंगण भरलं. हिरड्याची पोती, मधाच्या बरण्या, तुपाचे दोन डबे, सुपं, घोंगड्या, एक कोंबडा. राहीबाईनं रोवळी नाही आणली. तिनं लग्नातली तांब्याची कळशी आणली, गळ्यापाशी पोचा आलेली. देवापुढे ठेवायची कुठलीही वस्तू हळदीची पाच बोटं उठवल्याशिवाय ठेवायची नाही, ही त्या गावांची रीत. बायकांनी ओली हळद कालवली आणि एकेका वस्तूवर बोटं उठवली. मैना खांबाला टेकून बसली होती. ती म्हणाली, "कळशीवर माझी उठवते गो काकी. माझ्यासाठी काढलीस." तिची बोटं काड्यांसारखी झाली होती. कळशीवर तशीच उठली.

बोली सुरू होणार तेवढ्यात रावजी मुरारीबुवाला घेऊन आला. हा बुवा आठ दिवसांपासून देवळात उतरला होता. भगवी कफनी, गळ्यात रुद्राक्षाच्या चार माळा, हातात पितळी तांब्या. रावजीचं म्हणणं, वस्तूंवर बुवांचा हात फिरला तर बोली चढेल.

बुवानं अंगणात पाऊल टाकलं आणि डोळे फिरवले.

"थांबा! कोणी शिवू नका! अरे, मला वास येतोय! चौदा भुवनांत फिरलो, हिमालयात बारा वर्षं वारा खाल्ला, पण असा वास नाही आला! रोग! रोग बसलाय वस्तूंवर!"

बुवांना रोगाचा वास येत होता. पायाशी तुपाचे डबे होते, त्यांचा आला की नाही हे त्यांनी सांगितलं नाही.

"हे सात नद्यांचं जल," त्यानं तांब्या वर धरला. "बघा कसं नितळ. रोग नसेल तिथं पाणी पाणीच राहील. रोग असेल तिथं रक्त उमटेल." त्यानं पायरीवर शिंपडलं. काही नाही. रावजीच्या धोतरावर शिंपडलं. काही नाही. मग कळशीवर शिंपडलं.

मैनेची पाचही पिवळी बोटं सगळ्यांच्या डोळ्यांदेखत लाल झाली.

अंगणातून एक आवाज उठला, शंभर माणसांचा मिळून एक. बुवा पुढे चालत गेला. हिरड्याची पोती, तुपाचे डबे, सुपं. जिथं शिंपडलं तिथं रक्त. बायका पोरांना पोटाशी धरून मागे सरल्या.

"ही वस्तू ज्याच्या घरी जाईल त्याच्या घरी हिचा गोळा जाईल. बोला, पहिली बोली कोणाची?"

मोरूनं रुमालाची गाठ सोडली होती. ती त्यानं पुन्हा मारली. राहीबाई तेवढी पुढे आली. "कोणी घेऊ नका. मी माझी कळशी परत नेते."

"ने की माय," बुवा गोड आवाजात म्हणाला. "तुझी सून गरोदर आहे ना?"

राहीबाईचा हात कळशीपर्यंत गेलेला मागे आला.

नुसते पैसे तरी द्या, असं गोमाजी म्हणाला. त्यावर बुवानं सांगितलं, हिच्या नावानं काढलेल्या पैशालाही रोग लागतो. उपाय एकच. सगळ्या वस्तू तो सावित्रीच्या डोहात बुडवील, अकरा दिवस मंत्र घालील, आणि तोवर आजारी बाईनं गावाची शीव ओलांडायची नाही. एक वस्तू मागे राहिली तरी सगळं फुकट.

गोमाजीनं स्वतःच्या हातानं ते ओझं दोन बैलांवर लादलं. कोणी जबरदस्ती केली नाही. बैल बुवाचा माणूस घेऊन गेला आणि दोन दिवसांनी त्यानं ते रिकामे आणून सोडले. बुवा देवळातच राहिला, मंत्र घालायला आणि गावाचं जेवायला. एक घोंगडी तेवढी गोमाजीनं ठेवली, कारण मैना कुडकुडत होती. अकरा दिवस तो शिवेच्या आत बसून राहिला. अकराव्या दिवशी डोली बांधून तो पोलादपूरपर्यंत उतरला, तिथं कळलं की बोटी बंद झाल्या. मैना त्यानंतर आठ दिवस जगली.

ती गेल्याच्या पाचव्या दिवशी गोमाजी दिवसपाण्याचं सामान आणायला महाडच्या बाजारात गेला. लतीफ भांडीवाल्याच्या दुकानापुढून जाताना त्याचे पाय थांबले. लतीफची बायको महरुन्निसा ओट्यावर बसून एक तांब्याची कळशी घासत होती. गळ्यापाशी पोचा होता.

"ही कुठून आणलीत?" गोमाजीनं विचारलं. त्याचा आवाज चढला होता.

लतीफ बाहेर आला. "विकत घेतली, भाऊ. मुरारीचा माणूस दोन बैल भरून माल घेऊन आला होता. तूप, मध, हिरडा बाजारात गेला, भांडी मी घेतली. का? चोरीची आहे काय?"

"ही सावित्रीत बुडवली."

"बुडवली असती तर माझ्या ओट्यावर कशी आली?" लतीफ म्हणाला. मग गोमाजीच्या भादरलेल्या डोक्याकडे त्याचं लक्ष गेलं. त्यानं त्याला बसवलं, पाणी दिलं, आणि सगळं ऐकून घेतलं.

"मुरारीला मी ओळखतो," तो म्हणाला. "बुवा व्हायच्या आधी माझ्या ह्याच भिंतींना सफेदी करायचा. चुन्यात जन्म गेला त्याचा."

"पण पाणी नितळ होतं. सगळ्यांनी बघितलं. आणि रक्त..."

महरुन्निसानं घासणं थांबवलं होतं. "कसलं रक्त, भाईजान? हळद आहे ही. हे बघा, लिंबू लावलं तिथं परत पिवळी झाली." तिनं कळशी फिरवली. दोन बोटं पिवळी होती, तीन अजून तांबूस. "चुना पाण्यात कालवून रात्रभर ठेवला की खाली बसतो. वरचं पाणी नितळ निघतं. ते हळदीला लागलं की लाल. पाय मुरगळला तर तुम्ही काय लावता?"

गोमाजीला आठवलं. पाय मुरगळला तर हळद-चुना लावतात. लाल होतो. त्यानं स्वतः लावला होता, मैनेच्याच घोट्याला, दोन वर्षांपूर्वी. पायरवाडीत असं एक घर नव्हतं जिथं हा लेप कधी लागला नव्हता. शंभर माणसं अंगणात उभी होती आणि शंभरांनाही हे ठाऊक होतं.

"ती तीन बोटं पुसू नका," तो म्हणाला.

लतीफनं कळशी त्याच्या हातात दिली. पैशाचं नाव काढलं नाही.

बाराव्या दिवशी गाव जेवायला जमलं. मुरारीबुवाही पाटावर येऊन बसला. बाईला मारली म्हणे घोंगडीनं, आणि बाराव्याला पहिलं पान ह्याचं.

"शांती करावी लागेल," बुवा म्हणाला. "नवऱ्यानं वस्तू लपवली. आता रोग ह्या घरातून शेजारी जाईल. काय काय द्यायचं ते मी सांगतो..."

"सांगा," गोमाजी म्हणाला. "त्याआधी रावजीदादा, तुमचा हात द्या जरा."

रावजीनं न समजून हात पुढे केला. गोमाजीनं त्याच्या तळव्यावर ओली हळद फासली. मग कोपऱ्यातला तांब्या घेतला आणि नितळ पाणी ओतलं. तळवा लाल झाला.

रावजी ओरडून उठला. "अरे, काय केलंस रे!"

"काय झालं? तुमच्या पोटात पण गोळा हाय काय?"

"पाणी! बुवांचं पाणी चोरलंस!"

"बुवांचं नाय. माझ्या घरच्या पानाच्या डब्यातला चुना, काल सांजेला पाण्यात टाकलेला." त्यानं लिंबू कापून रावजीच्या तळव्यावर पिळलं. लाल पिवळं झालं. "घ्या. बरे झालात. द्या मला दोन बैल भरून माल."

कोणीतरी हसलं आणि लगेच थांबलं.

"हे मायावी आहे!" बुवा उभा राहिला. "सिद्धाची नक्कल कोणीही करील! माझ्या जलात सात नद्या आहेत!"

"बघू तर खरं, नद्यांच्या तळाला काय हाय," राहीबाई म्हणाली. बुवाचा तांब्या त्याच्या पाटाजवळच होता. तिनं तो उचलून उपडा केला. नितळ पाणी गेलं आणि शेवटी तळाचा पांढरा चिखल भुईवर पडला. तिनं तो बोटावर घेतला, जिभेला लावला, थुंकली. "चुना. सातही नद्यांत चुनाच हाय."

गोमाजी आत गेला आणि कळशी घेऊन आला. त्यानं ती मधोमध ठेवली. कोणाला काही सांगावं लागलं नाही. राहीबाईनं पोच्यावरून हात फिरवला.

मोरू बुवाच्या अंगावर धावला. रावजीनं त्याला अडवलं. "नको रे. कसा का होईना, कफनीतला माणूस हाय. शाप देईल."

तेव्हा गोमाजी ओरडला. आयुष्यात तो कधी असा ओरडला नव्हता. "आता पण भ्या! चुना जिभेला लावून बघितलात, तरी भ्या! तिनं ह्याचं काय केलं होतं? तुमचं काय केलं होतं? बोटीला दिवस होते, वस्तू होत्या, घेणारे होते. एकानं, फक्त एकानं म्हणायचं होतं, थांबा, हे आपण मुरगळल्यावर लावतो तेच हाय. मी पण नाय म्हटलं. मी बैल लादले. घोंगडीनं मारली म्हणता? घोंगडीनं तिला ऊब दिली. अकरा दिवस थांबण्यानं मारली. आपण सगळ्यांनी मिळून मारली, ह्यानं नुसतं पाणी शिंपडलं."

ह्या गडबडीत बुवा मागच्या दारानं निघून गेला. पान वाढलेलं तसंच राहिलं.

रावजी हात धुवायला गेला. तो नुसत्या पाण्यानं हळद चोळत होता आणि ती जात नव्हती. परत येऊन त्यानं गोमाजीपुढे मान खाली घातली. घोंगडीचा शब्द त्यानं मागे घेतला. गावकीनं ठरवलं, पुढे कोणी आजारी पडलं तर लिलाव होईल, आणि तो होईपर्यंत बुवा, भगत, कोणीही अंगणात पाऊल टाकणार नाही.

वाचणाऱ्यानं एवढंच करावं. देवाला हळद वाहायची तर वाहा. पण कोणी पाण्याचं रक्त करून दाखवलं तर घरी येऊन हळद घ्या, चुना घ्या, आणि स्वतः करून बघा. एका संध्याकाळचं काम आहे. आणि आजारी माणसाला दवाखान्यात नेताना जो कोणी म्हणेल थांबा, त्याला आधी विचारा, का थांबू? उत्तर कळलं नाही तर थांबू नका.

मुरारी त्याच दिवशी कशेडी घाट उतरून खेडच्या बाजूला गेला. गोमाजीनं हळद, चुन्याची निवळी आणि लिंबू घेऊन कुडपणपासून उमरठपर्यंतची गावं पायी केली. घाटापलीकडच्या गावांना अजून कोणी सांगितलेलं नाही.