यादीतला पाचवा

गहिनीनाथनं वायफायच्या मधल्या डब्याची पिन तिसऱ्यांदा उपटली, तिच्यावर फुंकर मारली आणि परत बोर्डात खुपसली. डब्यावरचा दिवा लाल झाला, मग पिवळा झाला आणि पिवळाच राहिला. हातातल्या मोबाईलवर कपिली मघापासून एक पाय उचलून तशीच उभी होती.

"गाय अशी उभी राहती का कधी?" तो म्हणाला.

"गोठा वीस पावलांवर हाय," सत्यशीला पीठ मळता मळता म्हणाली. "जाऊन बघा की."

"मग हे डबे कशाला आनलेत? पूजेला?"

सत्यशीलानं पिठाचा गोळा उलटा केला. नवऱ्याच्या कोणत्या प्रश्नाला उत्तर द्यायचं नसतं, हे तिला सव्वीस वर्षांच्या संसारात पाठ झालं होतं.

डबे त्यांच्या मुलानं, ओमनं, श्रावणात पुण्याहून पाठवले होते. एक पुढच्या खोलीत, एक माजघरात आणि एक गोठ्याला लागून असलेल्या पेंडीच्या खोलीत. खोक्यावर छापलं होतं, घराच्या कानाकोपऱ्यात अखंड नेट. ते छापणाऱ्याला एकदा पुणतांब्यात आणून दिवसभर या माजघरात बसवायला हवं होतं. इथं अखंड होता तो फक्त गहिनीनाथचा संताप. फोन केला की ओम म्हणायचा, "आबा, डबा जरा उंचावर ठेवून बघा." पुण्यात बसून उंटावरून शेळ्या हाकायला काय जातंय?

पण डबे हवेच होते. गेल्याच्या गेल्या दिवाळीनंतर कपिली भरदुपारी व्याली, तेव्हा घरातली सगळी माणसं कांदा काढायला रानात होती. वासराच्या नाकातोंडावरचा चिकटा पुसायला कुणी नव्हतं. ते गुदमरून गेलं. गहिनीनाथ पोचला तेव्हा गाय मेलेल्या वासराला चाटत होती. तो दिवसभर जेवला नाही. त्यानंतर गोठ्यात कॅमेरा बसला आणि कॅमेऱ्यासाठी हे डबे आले. आता माघ चालू होता, कपिलीचे पुन्हा दिवस भरले होते आणि ऐन वेळी चित्र गोठत होतं.

मधला डबा ज्या भिंतीला टेकून होता, तिनं तर त्याच्या रागात तेलच ओतलं. दोन वर्षांपूर्वी वाटणी झाली आणि घराच्या मधोमध ही नऊ इंची भिंत उभी राहिली. पलीकडं धाकटा भाऊ बिभीषण. तेव्हापासून बोलणं बंद. गोठा आणि कपिली इकडं आली, विहीर तिकडं गेली. आई, मुक्ताबाई, सहा-सहा महिन्यांवर वाटली गेली. पाडव्यापासून दसऱ्यापर्यंत इकडं, दसऱ्यापासून पाडव्यापर्यंत तिकडं. आईनं ज्याची पाळी त्याच्याच उंबऱ्याच्या आत राहायचं, दुसऱ्याच्या दारात जायचं नाही, फोनही करायचा नाही, असं दोघा भावांनी पंचांसमोर ठरवलं होतं. आईला कुणी विचारलं नव्हतं. सध्या ती तिकडं होती.

आणि महिनाभरापासून त्या भिंतीवर पलीकडून ठोके पडत होते. वेळ नाही, काळ नाही. धप, धप, धप. पहिल्यांदा ऐकलं तेव्हा बिभीषणच्या सात पिढ्यांचा उद्धार करायला गहिनीनाथ मागच्या दारानं बाहेर पडला, तर वाटेत गोठ्यात कपिलीनं दावं पायात गुंतवून घेतलेलं. ते सोडवण्यात भांडण राहून गेलं. पुढच्या आठवड्यात पुन्हा ठोके, पुन्हा तो तावातावानं बाहेर, तर दोन मोकाट कुत्री पेंडीच्या पोत्यात तोंड घालून बसलेली. त्यांना हाकलता हाकलता त्याचा आवाज बसला. प्रत्येक वेळी काहीतरी आडवं यायचं आणि बिभीषण सुटायचा.

आज त्यानं कंपनीलाच फोन लावला. बारा मिनिटं गाणं ऐकल्यावर एक मुलगी बोलायला लागली.

"सर, आपला जिल्हा?"

"नगर."

"सर, यादीत नगर दिसत नाहीये."

"अहिल्यानगर बघा मग. आमचं नाव बदललं, तुमचं नेट तेवढं हाय तसंच हाय."

मुलगी हसली नाही. तिनं डबा बंद करून चालू करायला सांगितलं. चौथ्यांदा. मग ॲप उघडायला लावून विचारलं, "सर, किती उपकरणं जोडलेली दिसतात?"

गहिनीनाथनं चष्मा चढवून मोजली. त्याचा मोबाईल, सत्यशीलाचा मोबाईल, टीव्ही, गोठ्यातला कॅमेरा. आणि पाचवं एक, ज्याला नाव नव्हतं, नुसते आकडे आणि अक्षरं होती. मधल्या डब्यावर, भिंतीजवळच्या.

"ते पाचवं आपलं आहे का सर? त्यावर दिवसभर व्हिडिओ चालू दिसतोय. म्हणून कॅमेरा अडकतो."

गहिनीनाथच्या तळपायाची आग मस्तकात गेली. विहीर घेतली, अंगण घेतलं, आता नेटसुद्धा. आणि वर भिंतीवर ठोकून दाखवायचं.

"आमचं न्हाई ते," तो म्हणाला. "चोराचं हाय."

"मग ब्लॉक करा सर. नावावर बोट दाबून धरा."

त्यानं अंगठा असा दाबला, जणू बिभीषणचा गळाच हाताखाली आला होता. यादीत चारच उरले. मोबाईलवर कपिलीनं उचललेला पाय खाली टेकवला, शेपटी हलवली. चित्र काचेसारखं स्वच्छ झालं.

"घे आता फुकटचं," तो भिंतीकडं बघून मोठ्यानं म्हणाला.

"कोनाला म्हनताय?" सत्यशीलानं विचारलं.

"हाय एक."

सत्यशीला बचत गटाच्या बैठकीला गेली. गहिनीनाथ शीळ घालत रानात निघाला. कित्येक दिवसांनी त्याचं डोकं शांत होतं. बोअरची मोटर चालू केली, सदरा बाभळीच्या फांदीला अडकवला, मोबाईल सदऱ्याच्या खिशात. कांद्याचा एक वाफा भरला की बघू, असं त्यानं ठरवलं. एकाचे दोन झाले, दोनाचे सहा. चित्र आता अडकत नव्हतं, म्हणून बघायची घाईही नव्हती.

ऊन डोक्यावर आलं तेव्हा त्यानं मोबाईल काढला. कपिली मान खाली घालून काहीतरी चाटत होती. तिच्या पुढ्यात जमिनीवर एक बाई बसली होती, कॅमेऱ्याकडं पाठ करून. सत्यशीला लवकर आली वाटतं, असं म्हणून त्यानं बोटांनी चित्र मोठं केलं. सत्यशीला इतकी वाकलेली नव्हती.

बांधावरून तो पळतच आला.

गोठ्यात मुक्ताबाई बसली होती. पदर लाल झालेला, हात कोपरापर्यंत ओले. मांडीशी वासरू होतं, कालवड, आणि ती थरथरत श्वास घेत होती. मुक्ताबाईनं गवताच्या मुठीनं तिची पाठ चोळणं थांबवलं नाही.

"नाकात लई चिकटा हुता," ती म्हणाली. "बोटानं काढला. आता बरी हाय."

गहिनीनाथ दारातच उभा राहिला. आईच्या पायात चपला नव्हत्या. बिभीषणचं दार पलीकडच्या रस्त्याला होतं. सगळ्या गल्लीला वळसा घालून ती भरउन्हात चालत आली होती.

"तू हितं कशी?"

"सकाळपासून उठबस करत हुती ती. शेपूट वर धरलेलं. तेवढ्यात मोबाईल बंद पडला. मग भिंतीवर वाजवलं. लई वाजवलं. कोनी आलंच न्हाई."

"तू वाजवायचीस?"

"मग कोन? फोन करायचा न्हाई म्हनता. भिंतीला हात लावायचा न्हाई, असं कुठं ठरलंय?"

तिनं कनवटीचा मोबाईल काढला. ओमचा जुना, एका कोपऱ्यात काच तडकलेला.

"तुज्याकडं हुते तवा ओमनं दिल्ता. ह्यात गाय लावून दिल्ती. तिकडं भिंतीला टेकून बसलं की दिसायची. कपिलीला बाटलीनं दूध पाजलंय मी, तिच्या येळंला कशी झोप लागंल?" तिनं मोबाईल त्याच्यापुढं धरला. काळ्या पडद्यावर एक पांढरं वर्तुळ गोल गोल फिरत होतं. "हे बघ, नुस्तं फिरतंय. बिभीषणला सांगू नको मी आल्ते म्हून. माजी पाळी हाय अजून तिकडं."

गहिनीनाथनं वर्तुळाकडं बघितलं. सकाळचा राग अंगात तसाच होता, उलट वाढला होता. फक्त आता तो कुणावर काढायचा, याबद्दल त्याला शंका उरली नव्हती. उजव्या हाताचा अंगठा त्यानं मुठीत दाबून धरला.

"लाईट गेल्ती का रे?" मुक्ताबाईनं विचारलं.

"व्हय," तो म्हणाला. "लाईट गेल्ती."

तिनं वर बघितलं. माशा हाकलायला लावलेला पंखा गोठ्यात गरगर फिरत होता, सकाळपासून फिरत होता. कालवड पाय झाडत उठायला बघत होती. मुक्ताबाईनं मोबाईल पदराच्या कोरड्या टोकाला पुसला आणि त्याच्या हातात ठेवला.

"आली की लावून दे," ती म्हणाली.