पिपरखेडीचं पाणी

मित्रांनो, मी एक जुना स्टिरिओस्कोप आहे. नाव अवघड आहे, पण रूप साधं. चार पाय, चार आरसे आणि डोळे लावायला दोन भिंगं. जबलपूरच्या एका कॉलेजात, भूगोलाच्या खोलीतल्या कपाटाच्या खालच्या कप्प्यात मी पडून आहे. माझ्या अंगावर कुणीतरी चिठ्ठी चिकटवली आहे : 'दुर्बीण, नादुरुस्त'. मी दुर्बीण नाही, आणि नादुरुस्तही नाही. माझ्यातून दिसलेल्या एका गोष्टीला चुकीचं नाव दिलं गेलं आणि त्यापायी एक गाव उठलं. ती हकिकत मी आज तुम्हाला सांगणार आहे.

बासष्टची लढाई झाली आणि परदेशातून यंत्रं मागवणं जवळजवळ थांबलं. त्याच सुमाराला जमिनीचे नकाशे करणाऱ्या एका सरकारी कचेरीला विमानातून काढलेले फोटो वाचायचे होते. कुठे गहू, कुठे बाग, कुठे पडीक रान, हे त्या फोटोंवरून कागदावर उतरवायचं होतं. त्यासाठी माझ्यासारखं यंत्र लागतं. बाहेरून मिळेना, म्हणून कचेरीनं जबलपुरातल्याच तोफा आणि तोफगोळे करणाऱ्या एका कारखान्याला लिहिलं, आणि ते काम बापूंकडे आलं.

बापू फिटर होते. घराणं मूळचं नागपूरकडचं, बिऱ्हाड जबलपुरातल्या गोरखपूर मोहल्ल्यात. तोफेचा नेम धरायची भिंगं जुळवण्यात त्यांचा हात धरणारा कारखान्यात दुसरा नव्हता. पितळेच्या उरल्यासुरल्या पट्ट्या कापून त्यांनी माझा सांगाडा केला. आरसा केसभर कलला तरी डोळा फसतो, म्हणून शेवटचे स्क्रू ते श्वास रोखून फिरवत. बावीस दिवसांनी त्यांनी माझ्यातून पाहिलं आणि फक्त म्हणाले, "आता खोटं नाही दाखवणार."

पुढच्या वर्षी त्याच कचेरीत बापूंची मुलगी विनता नकाशे काढायला लागली. ती चोवीस वर्षांची होती. एकाच जागेचे, थोड्या अंतरावरून घेतलेले दोन फोटो ती माझ्याखाली शेजारी शेजारी ठेवायची आणि भिंगांना डोळे लावायची. क्षणभर सगळं धूसर दिसायचं. मग दोन्ही फोटो एक व्हायचे आणि सपाट कागदातून टेकड्या उभ्या राहायच्या, झाडं वर यायची, नाले खाली जायचे. पहिल्या वेळी तिनं टेबलावर हात फिरवून पाहिला होता, खरंच काही उभं आहे का म्हणून.

फोटोत रंग नसत, नुसत्या काळ्याकरड्या छटा. त्या छटांवरून विनता पीक ओळखायला शिकली. गव्हाला पिवळी पेन्सिल, बागेला हिरवी, पडीक जमिनीला तपकिरी, पाण्याला निळी. कचेरीचे प्रमुख भय्यासाहेब तसे कडक, पण तेसुद्धा आल्यागेल्याला सांगत, "या पोरीची नजर पाहा. घारीला मागं टाकते." ते ऐकून ती मान खाली घालून हसायची. माझी भिंगं ती पदरानं कधीच पुसायची नाही, त्यासाठी तिनं मलमलीचा तुकडा वेगळा ठेवला होता. माझे ते सुखाचे दिवस होते.

पासष्ट साली जबलपूर जिल्ह्यातल्या मझौलीच्या बाजूचे फोटो आले. ते आदल्या ऑक्टोबरात, पाऊस उघडून आभाळ मोकळं होताच, विमानातून घेतलेले होते. पिपरखेडी नावाच्या गावाभोवती सगळं पाणीच पाणी दिसत होतं. विनता बराच वेळ पाहत राहिली. मी तिला बांध दाखवत होतो. सरळ, हातानं घातलेले, कमरेइतके उंच बांध. एका चौकोनातलं पाणी शेजारच्या चौकोनातल्या पाण्याहून जरासं वर होतं. तळ्याचं पाणी असं पायरीपायरीनं कधी उभं राहत नाही.

तिलाही ते खटकलं. ती फोटो घेऊन भय्यासाहेबांकडे गेली.

"साहेब, हे तळं नाही वाटत."

"जुनं फुटकं तळं असेल. निळं कर आणि खाली लिही, पाणथळ, लागवडीस निरुपयोगी. हिवाळ्यात आपण जागेवर जाऊन तपासणारच आहोत ना? काहून एका तुकड्यापायी अडून राहिलीस?"

ती शहरात वाढलेली. पावसाळ्यातलं त्या भागातलं शेत तिनं कधी पाहिलं नव्हतं. तिनं निळी पेन्सिल घेतली. कोपऱ्यात तिची सही झाली.

सप्टेंबरात लढाई पेटली. कचेरीची जीप लष्करी कामाला गेली आणि हिवाळ्यातली तपासणी रद्द झाली. कारखान्यात दिवसरात्र पाळ्या सुरू झाल्या. बापू घरी फक्त झोपायला यायचे. तोफगोळे ठेवायला नवं कोठार हवं होतं आणि त्यासाठी पिकाखाली नसलेली मोकळी जागा हवी होती. कुणीतरी आमचे नकाशे मागवले. पिपरखेडीचा निळा तुकडा सगळ्यांना पसंत पडला; साचलेलं पाणी चर खणून काढता येईल, असं ठरलं.

जीप परत मिळाली ती जानेवारीत. विनतानं मला पेटीत घातलं, पेटी मांडीवर घेतली आणि ती पिपरखेडीला निघाली. गावाच्या शिवेवर जीप थांबली तेव्हा तिच्या हातांची पकड एकाएकी घट्ट झाली. समोर गहू होता. गुडघ्याच्या वर आलेला, ओंबीला लागलेला गहू, नजर पोचेल तिथपर्यंत. आणि त्याच्या मधून काटेरी तारांचे खांब रोवत माणसं चालली होती.

बांधावर हल्के पटेल नावाचा म्हातारा बसला होता. विनतानं त्याला विचारलं, इथलं पाणी कुठे गेलं? तो तिच्याकडे पाहतच राहिला.

"कहाँ जाहै, बिटिया? हमई ने भरो, हमई ने निकारो."

मग त्यानं तिला समजावून सांगितलं. पावसाळाभर बांध घालून शेतात पाणी कोंडायचं. त्यानं तण कुजतं, काळी माती ओल पिऊन घेते. दसरा झाला की बांध फोडायचा, पाणी खालच्या शेतात सोडायचं आणि त्या ओलीवर गहू पेरायचा. पुन्हा एक थेंब पाणी द्यावं लागत नाही. त्याचा आजा असंच करायचा, आज्याचा आजाही. या पद्धतीला ते लोक हवेली म्हणत. विमान वरून गेलं तेव्हा बांध फोडायला चारच दिवस उरले होते.

विनतानं बांधावरच मला उभं केलं आणि फोटो खाली ठेवले. हल्के पटेल वाकला. पहिल्यांदा त्याला काही दिसेना. मग तो एकदम "अरे!" म्हणाला. त्याला त्याचं महुआचं झाड दिसलं, विहीर दिसली, घराचं छप्पर दिसलं. ज्या बांधांवर त्याचं आयुष्य गेलं ते त्यानं आभाळातून पाहिले. तो लहान मुलासारखा हसला. इतकं निर्मळ हसू माझ्या भिंगांशी पुन्हा कधी आलं नाही.

मग त्याची नजर शेजारच्या नकाशावरच्या निळ्या रंगावर गेली.

"और जो नीलो का आय?"

विनता खोटं बोलू शकली असती. ती म्हणाली, "यह मैंने लगाया है, दाऊ. मैंने समझा यहाँ खेती नहीं होती."

हल्के पटेलनं नकाशा गुडघ्यावर ओढून घेतला. तो चिडला नाही. त्यानं साधंच सांगितलं, "तो मिटा दो, बिटिया."

नकाशावरची पेन्सिल खोडरबरानं जाते, मित्रांनो. पण त्या नकाशाच्या छापील प्रती एव्हाना दहा कचेऱ्यांत पोचल्या होत्या. निरुपयोगी म्हणजे पडीक, आणि पडीक जमिनीच्या बदल्यात पडीकच जमीन द्यायची, असा हुकूम निघाला होता. पिपरखेडीच्या त्रेचाळीस घरांना मुरमाड टेकाडावर जागा नेमून दिली होती.

विनतानं दुरुस्तीचा नकाशा केला आणि भय्यासाहेबांपुढे ठेवला. त्यांनी तो उघडलाही नाही. त्यांचा मुलगा अच्युत पंजाबच्या आघाडीवर पडला होता, त्याला चार महिने झाले होते.

"तिथं गोळा वेळेवर पोचला नाही म्हणून माझं पोर गेलं," ते म्हणाले. "आणि तू मला गहू सांगून राहिलीस?"

विनताचे डोळे भरून आले. पण ती हलली नाही. "कोठार हलवा म्हणत नाही मी, साहेब. ती जमीन पडीक नव्हती, एवढंच लिहा. त्या लोकांना मातीच्या बदल्यात माती तरी मिळेल."

त्यांनी नकाशा परत तिच्याकडे सरकवला.

त्या रविवारी तिनं घरी बापूंना सगळं सांगितलं. हे मला पुढे ती एका मैत्रिणीशी बोलत असताना कळलं. बापूंनी एकच विचारलं होतं, "आरसे कलले होते काय?" ती म्हणाली, "नाही, बापू. बांध दिसले होते. मीच मानले नाहीत." बापू ताटावरून उठले आणि हात धुऊन पाळीवर निघून गेले. त्या पाळीत घडलेले गोळे पिपरखेडीलाच जाणार होते.

विनतानं दुरुस्तीचा नकाशा, दोन्ही फोटो आणि स्वतःच्या चुकीची लेखी कबुली थेट वरच्या कचेरीला पाठवली. त्याची शिक्षा तिला मिळाली. तिला माझ्यापासून काढून जुन्या कागदांच्या खोलीत बसवलं. तीन वर्षं माझ्यावर धूळ साचली, तिच्या हातची पेन्सिल सुटली. अखेर चौकशीला एक अधिकारी आला. त्यानं माझ्यातून पाहिलं आणि पाचच मिनिटांत म्हणाला, "ही शेतं आहेत." अकरा घरांना काळ्या मातीची जमीन मिळाली. बाकीची बत्तीस घरं तोवर पांगली होती. कुणी खाणीवर, कुणी विटांच्या भट्टीवर, कुणी कुठे गेलं ते गावालाही ठाऊक नव्हतं. हल्के पटेल दुसऱ्याच उन्हाळ्यात टेकाडावर वारला होता.

विनता पुन्हा माझ्यापाशी आली. एकाहत्तरच्या हिवाळ्यात, पुन्हा लढाई पेटून शहराचे दिवे झाकलेले असताना, मझौलीच्या बाजूचे नवे फोटो आले. तिनं ते माझ्याखाली ठेवले. कोठारानं तारेच्या आतला फक्त एक कोपरा वापरला होता. उरलेल्या रानात बांध राखायला कुणी नव्हतं. पावसानं ते फोडले होते, काळी माती वाहून गेली होती, घळी पडल्या होत्या. विनतानं अर्धा दिवस पाहिलं. मग तिनं तपकिरी पेन्सिल उचलली आणि पिपरखेडीवर 'पडीक' लिहिलं. या वेळी ते खरं होतं.

तिचा चेहरा माझ्या आरशांत होता. त्याचं वर्णन मी करणार नाही.

मित्रांनो, आता तुमच्यापाशी माझ्याहून कितीतरी तेज यंत्रं आहेत. ती आभाळातून पान न् पान मोजतात म्हणे. मला पुसलं नाहीत तरी चालेल, ती चिठ्ठीही राहू द्या. पण एखाद्या जमिनीला वरून पाहून नाव देणार असाल, तर आधी खाली उतरा. तिथे बांधावर कुणीतरी बसलेलं असेल, त्याला विचारा. आणि जायचं असेल तर रंग भरायच्या आधी जा.