टकटकणारं चूर्ण

सभागृहात पाय ठेवायला जागा नव्हती. मंचावर चूर्णवाल्याने हातातलं यंत्र उघड्या डब्यावर धरलं आणि ते टकटकटकटक ओरडायला लागलं. लोकांनी श्वास रोखले.

"ऐका! वनस्पतीचा प्राण बोलतोय! डॉक्टरच्या गोळीवर धरा हे यंत्र. मेलेली असते ती, मेलेली!"

टाळ्यांचा पाऊस. सगळ्यात जोरात दादा. त्याच्या शेजारी सात महिन्यांची पोटुशी वहिनी. दोनदा बाळ पोटातच गेलं होतं. हे तरी टिकावं म्हणून ती रोज दोन चमचे हे चूर्ण घेत होती.

वहिनीची नणंद आजच गावाहून आली होती. खाण्याच्या मालातला किरणोत्सर्ग मोजणाऱ्या प्रयोगशाळेत तिची नोकरी. तो आवाज तिने लगेच ओळखला. प्राण कसला डोंबलाचा! ते यंत्र किरणोत्सर्ग मोजतं.

"दादा, हिचं चूर्ण आजच्या आज बंद कर."

"गप्प बैस, दीडशहाणे!"

ती उठली ती थेट मंचावर.

"महाराज, तुमचं चूर्ण जरा धुऊन बघू?"

"प्राण काय धुतला जातो, बाई?"

"मग घाबरता कशाला?"

"धुऊ द्या की!" मागून कोणीतरी ओरडलं.

तिने मंचावरच्या पाण्याच्या भांड्यात मूठभर चूर्ण ढवळलं. पाला वर तरंगला, तळाशी तांबूस वाळू बसली. मग चूर्णवाल्याच्या हातातलं यंत्र घेऊन आधी ते रिकाम्या टेबलावर धरलं. अधूनमधून एखादी टक. गाळून काढलेल्या पाल्यावर धरलं. तेवढीच. मग पाणी ओतून वाळूवर धरलं. टकटकटकटक!

"थोडा किरणोत्सर्ग मातीत असतो, भाजीत असतो, आपल्या हाडांतही असतो. तेवढ्याने यंत्र असं बोंबलत नाही. ते बोंबलावं म्हणून या माणसाने किरणोत्सर्गी वाळू कालवली आहे. तुमच्या औषधात!"

"पाण्यामुळे प्राण खाली उतरला!" चूर्णवाला गरजला.

"मग प्राणच खा. घ्या, दोन चमचे."

"आज... उपास आहे माझा."

काहीजण हसले. वहिनी हसली नाही. ती उभी राहिली.

"माझ्या बाळाचं काय गं?"

नणंद मंचावरून उतरून तिच्याजवळ आली.

"माहीत नाही, वहिनी. खोटा धीर देणार नाही. आत्ता डॉक्टरांकडे चल. घरचा चूर्णाचा डबा फेकू नकोस. त्यात किरणोत्सर्ग किती आहे ते मी मोजून देते."

दादा वहिनीचा हात धरून दाराकडे निघाला.

लोकहो, झाडपाल्याचं आहे म्हणजे निर्धोक, हे तुम्हाला कोणी सांगितलं? विषारी फळंही झाडालाच लागतात, आणि पाल्यात काय कालवलंय ते नुसत्या डोळ्यांना दिसत नाही. चमत्कार दाखवणाऱ्याला टाळ्या देऊ नका, तपासणीचा कागद मागा. नसेल तर हाकलून द्या. प्रश्न विचारायचा तो घास गिळण्याआधी. नंतर विचारलात, तर वहिनीला मिळालं तेवढंच उत्तर मिळेल.