सदतिसाव्या पानावरचा गळ

"मिसेस स्पिंक, हे तुम्ही केलंत?" ग्रंथालयाच्या इनिसबाईंनी पुस्तक उघडून टेबलावर ठेवलं.

सदतिसाव्या पानाच्या आकड्याखाली कुणीतरी पेन्सिलीने मासे धरायचा इवलासा गळ काढला होता.

"मी कशी करीन? नव्या पुस्तकांचं खोकं तुम्ही आत्ता माझ्यासमोर फोडलंत," बेथिया म्हणाली.

"तेच म्हणतेय मी."

स्कॉटलंडच्या त्या किनाऱ्यावर म्हातारी माणसं ग्रंथालयाच्या वाचलेल्या पुस्तकात आपापली खूण करून ठेवतात. वय झालं की खुनी कोण होता हे विसरायला होतं आणि तेच पुस्तक पुन्हा घरी येतं. कुणी चांदणी काढतं, कुणी नुसतं टिंब. ग्रंथालय रागावतं आणि सोडून देतं. गळ ही डूगलची खूण होती. डूगल बेथियाचा नवरा. जन्मभर बंदरावर बोटींची इंजिनं दुरुस्त केली आणि दोन हिवाळ्यांपूर्वी गेला.

राक्षस, हवेत तरंगणारी बेटं, शापित राजकन्या असलं काय काय असलेल्या एकाच कादंबरीचे अकरा खंड त्याने तीस वर्षं वाचले. शेवट बाराव्यात होता, आज खोक्यातून निघालेल्या. लेखक म्हातारा, तो मध्येच टपकेल याची डूगलला काळजी. लेखक ठणठणीत राहिला. "नाहीतर शेवटी माती खाईल लेकाचा, आणि माझी तीस वर्षं पाण्यात," ही दुसरी काळजी मात्र डूगल जाताना बायकोच्या गळ्यात घालून गेला. तेव्हापासून बेथियानेही अकरा खंड वाचून काढले होते. शिव्या देत देत.

"दुसरी प्रत मागवू?" इनिसबाईंनी हळूच विचारलं.

"नको. हीच द्या. माझ्या ओळखीची दिसतेय."

घरी स्वैपाकघरात तिने पुस्तक उघडलं. नव्याकोऱ्या कागदाला धुरी दिलेल्या माशाचा वास येत होता. पानांच्या कोपऱ्यांवर अंगठ्याचे तेलकट डाग होते. डूगल जेवता जेवता वाचायचा.

"मेल्यावर तरी माणसाने हात धुवावेत," बेथिया म्हणाली आणि वाचायला बसली.

पुढचे काही दिवस ती त्या डागांच्या मागून चालली. युद्ध आलं की डाग घाईघाईचे, राजकन्या आली की ठळक, निवांत. शेवटच्या प्रकरणाशी ते एकदम थांबले. तिथून पुढे पानं स्वच्छ होती.

बेथियाने चष्मा काढून पुसला. खूण आधीच करून ठेवायची आणि शेवटच्या प्रकरणाशी गाडी अडवायची, ही त्याची जुनीच खोड. दर खंडाला तो पुस्तक तिच्यापुढे सरकवायचा. "तू वाच. मी ऐकतो." ती म्हणायची, "मला कामं आहेत." मग तो आठवडाभर पुस्तकाकडे नुसता बघत बसायचा आणि नाइलाजाने एकटाच वाचून टाकायचा.

समोरच्या खुर्चीतली उशी सकाळीच झटकून ठेवली होती. आता ती मधोमध दबलेली होती. आपल्याला ते दिसलेलं नाही, असं बेथियाने ठरवलं.

"आज मला काम नाही," ती म्हणाली आणि मोठ्याने वाचू लागली.

बेटं एकेक करून पुन्हा समुद्रावर टेकली. राजकन्येने सिंहासन घेतलं नाही, नावाड्याने तिला तिच्या आईच्या दारी सोडलं. तिसऱ्या खंडात हरवलेली घोडीसुद्धा तिथे दावणीला उभी होती. इतक्या वर्षांत लेखकाने एक धागा सोडला नव्हता आणि मेलेल्या कुणाला उगाच जिवंत केलं नव्हतं. शेवटची ओळही बेथियाने सावकाश, पुरी वाचली.

"चांगला केला हो शेवट," ती पुस्तकातून मान वर न करता म्हणाली. "नाही खाल्ली माती."

मग समोरची उशी सावकाश, जड माणूस गुडघ्यांवर हात ठेवून उठावा तशी, वर आली.

"मफलर घे," बेथिया म्हणाली. "बंदरावर वारा असेल."